पत्त्यांवरील भाकिताचे प्रयोग

पत्त्यांवरील भाकिताचे प्रयोग : पत्त्यांच्या जादूचा एक प्रकार. प्रेक्षक कोणते पान निवडील, किती पाने उचलील किंवा पानांची विभागणी कशी करील, हे प्रयोगकर्त्याने आधीच लिहून ठेवावयाचे आणि निवड झाल्यावर लिहिलेले व घडलेले तंतोतंत जुळते असे दाखवावयाचे, हे ह्या प्रयोगांचे सामान्य स्वरूप होय. हातचलाखीच्या इतर खेळांत एखादी वस्तू नाहीशी होते, पालटते अथवा नव्याने प्रकट होते. भाकिताच्या प्रयोगात डोळ्यांना असे काहीच दिसत नाही. एक चिठ्ठी, एक पान आणि त्या दोहोंचे जुळणे एवढेच घडते. आश्चर्य वाटते ते कालक्रमाचे : आधी ज्ञान व मागाहून घटना. हा क्रम प्रत्यक्षात तसा नसतो. तो तसा भासविलेला असतो. हा भास कसा निर्माण करावयाचा, हे शिकणे म्हणजेच भाकिताचा प्रयोग शिकणे होय.

वऱ्हाडात, विशेषतः अमरावती व अकोला ह्या जिल्ह्यांत, ह्या विषयाला करमणुकीपलीकडचेही महत्त्व आहे. काळ्या जमिनीतील कपाशी, ज्वारी, तूर, सोयाबीन इ. पिके येथे मुख्यतः पावसावर अवलंबून असतात. पेरणी केव्हा करावी, कोणते पीक घ्यावे, कर्ज काढावे की नाही, हे प्रश्न दरवर्षी मृग नक्षत्राच्या आधी उभे राहतात आणि त्यांची उत्तरे भविष्याविषयीच्या अंदाजांवर अवलंबून असतात. त्यामुळे भाकीत सांगणारा मनुष्य येथील लोकजीवनात पूर्वापार आढळतो. खरे ठरलेले भाकीत कृत्रिम रीतीने कसे घडविता येते, हे पत्त्यांच्या प्रयोगातून ज्याने स्वतः करून पाहिले आहे, त्याला इतर भाकिते पारखण्याची काही साधने आपोआप मिळतात. प्रस्तुत नोंदीत ह्या प्रयोगांची तत्त्वे, ते शिकण्याची रीत आणि लोकशिक्षणातील त्यांचा उपयोग ह्यांचा विचार केला आहे.

इतिहास : भारतात पत्त्यांचा प्रसार मोगल काळात झाला. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधील आपल्या स्नेह्याला गंजीफांचा संच पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. महाराष्ट्रात सावंतवाडी येथे हाताने रंगविलेल्या गोल गंजीफांची परंपरा आहे. मोगल गंजीफांच्या संचात ९६, तर दशावतारी संचात १२० पाने असतात [⟶ गंजीफा]. आज घरोघरी दिसणारा ५२ पानांचा जोड यूरोपीय व्यापाऱ्यांबरोबर आला. इस्पिक, बदाम, किलवर व चौकट हे त्याचे चार रंग. एक्का, दुर्री, तिर्री येथपासून दश्शी, गुलाम, राणी व राजा येथपर्यंत प्रत्येक रंगाची तेरा पाने, अशी त्याची रचना आहे. बोलीत ह्या जोडाला ‘कॅट’ असेही म्हणतात.

पत्त्यांच्या जादूचे यूरोपातील जुने उल्लेख लूका पाचोली ह्या इटालियन गणितज्ञाच्या, सु. १५०० च्या सुमारास रचलेल्या, गणिती करमणुकीवरील हस्तलिखितात आढळतात. गणित व पत्त्यांची जादू ह्यांचे नाते इतके जुने आहे. इंग्लंडमध्ये रेजिनल्ड स्कॉट ह्याने १५८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पत्त्यांच्या व इतर हातचलाखीच्या खेळांची उकल केली. चेटकीण ठरवून निरपराध स्त्रियांचा छळ होत असे आणि अनेकींना मृत्युदंड दिला जात असे, अशा काळात हा ग्रंथ लिहिला गेला. लोक ज्याला सैतानाची करणी समजतात ते सामान्य मनुष्य बोटांच्या चपळाईने करू शकतो, हे दाखविणे हा त्यामागील एक हेतू होता. जादूची उकल लोकांच्या रक्षणासाठी करण्याची परंपरा अशा रीतीने ह्या विषयाच्या आरंभापासूनच दिसते. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या योहान होफ्‌त्सिन्सर (१८०६–७५) ह्याने पत्त्यांच्या जादूला कलेचा दर्जा मिळवून दिला. विसाव्या शतकात अमेरिकेतील पॉल करी ह्याने १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेला, प्रेक्षकाने न पाहताच तांबडी व काळी पाने वेगळी करावयाची, हा प्रयोग आणि नॉर्मन गिलब्रेथ ह्याने १९५८ मध्ये मांडलेले पिसण्याविषयीचे गणिती तत्त्व हे महत्त्वाचे टप्पे होत. विशिष्ट प्रकारे रचलेला जोड एकदा पिसला, तरी त्या रचनेचे काही गुणधर्म नष्ट होत नाहीत, असे गिलब्रेथने दाखविले.

तत्त्वे : भाकीत जुळण्याचे मार्ग मोजकेच आहेत. एक, घटना भाकिताबरहुकूम घडवून आणणे. दोन, घटना कशीही घडली तरी खरा ठरणारा गणिती संबंध भाकीत म्हणून सांगणे. तीन, भाकीत प्रत्यक्षात मागाहून लिहिणे. चार, अनेक भाकिते तयार ठेवून त्यांतील जुळणारे तेवढे उघड करणे. पत्त्यांवरील बहुतेक सर्व प्रयोग ह्यांपैकी एका किंवा अधिक मार्गांनी होतात.

(१) लादलेली निवड : प्रेक्षकाला आपण मोकळेपणाने पान निवडले असे वाटते, पण ते पान प्रयोगकर्त्याने आधीच ठरविलेले असते. ह्याचा सर्वांत सोपा प्रकार काटण्यावर आधारलेला आहे. ठरविलेले पान जोडाच्या सर्वांत वर असते. प्रेक्षक जोड काटतो आणि वरचा भाग मेजावर ठेवतो. प्रयोगकर्ता उरलेला भाग त्यावर आडवा ठेवतो व ‘आपण कोठे काटले ह्याची ही खूण’ असे म्हणतो. त्यानंतर तो थोडा वेळ दुसऱ्या गोष्टी बोलतो : चिठ्ठी कोणाजवळ आहे, ती कोणी उघडली तर नाही ना, इत्यादी. मग आडवा भाग उचलून त्याखालचे पान पाहण्यास तो सांगतो. हे पान काटलेल्या जागेचे नसून मूळ जोडाच्या वरचेच असते. परंतु मधल्या काळात कोणता भाग वरचा व कोणता खालचा, ह्याचा प्रेक्षकाला विसर पडलेला असतो. येथे हातचलाखी जवळजवळ नाही. काम करतो तो मधला काळ.

दुसरा प्रकार अंकगणितावर आधारलेला असून तो आरंभीच्या अभ्यासकाला विशेष उपयुक्त आहे. ठरविलेले पान, समजा इस्पिकची सत्ती, वरून दहावे ठेवावे. तिचे नाव लिहून चिठ्ठी एखाद्या प्रेक्षकाच्या खिशात द्यावी. दुसऱ्या प्रेक्षकाने दहाहून मोठी व वीसहून लहान अशी कोणतीही संख्या सांगावी. त्याने सोळा सांगितले, तर सोळा पाने एकेक करून मेजावर एकावर एक टाकावीत. नंतर सोळा ह्या संख्येतील अंकांची बेरीज, म्हणजे एक अधिक सहा मिळून सात, करून तितकी पाने मेजावरील ढिगावरून एकेक करून परत जोडावर ठेवावीत. शेवटी ठेवलेले सातवे पान उलटले, की ते इस्पिकची सत्ती असते. कारण उघड आहे. कोणतीही अशी संख्या दहा अधिक क ह्या स्वरूपाची असते व तिच्या अंकांची बेरीज एक अधिक क असते. पहिलीतून दुसरी वजा केली, की क नाहीसा होतो व नऊ उरतात. अर्थात मेजावर नेहमी पहिली नऊ पाने राहतात आणि जोडावर परत जाणारे शेवटचे पान नेहमी दहावेच असते. प्रेक्षकाचे स्वातंत्र्य क पुरतेच होते आणि तो क वजाबाकीत नाहीसा झाला. वीस ही संख्या निवडली, तर मात्र शेवटी परत जाणारे पान एकोणिसावे येते व प्रयोग फसतो. म्हणून ‘वीसहून लहान’ ही अट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. परतीची पाने उरलेल्या जोडातून मोजण्याची चूक नवशिके नेहमी करतात. ती मेजावरील ढिगातूनच घ्यावयाची असतात.

(२) अटळ गणिती संबंध : ह्या प्रकारात कोणतेही पान लादावे लागत नाही. ५२ पानांचा जोड प्रेक्षकाने हवा तितका पिसावा व त्याचे २६ पानांचे दोन सारखे ढीग करावेत. चिठ्ठीत असे लिहिलेले असते : ‘पहिल्या ढिगात जितकी तांबडी पाने असतील, तितकीच काळी पाने दुसऱ्या ढिगात निघतील.’ हे भाकीत कधीही चुकत नाही. पहिल्या ढिगात ११ तांबडी पाने असली, तर उरलेली १५ तांबडी पाने दुसऱ्या ढिगात असणारच. मग त्या ढिगातील २६ पैकी ११ जागाच काळ्या पानांसाठी राहतात. एका ढिगात २८ व दुसऱ्यात २४ पाने ठेवल्यास, मोठ्या ढिगातील तांबडी पाने लहान ढिगातील काळ्या पानांहून बरोबर दोनने अधिक भरतात. ‘दोनने अधिक’ असे नेमके विधान ऐकून प्रेक्षक अधिकच थक्क होतो. वस्तुतः ते तितकेच अटळ असते. ५२ पानांचे वेगवेगळे क्रम इतके आहेत, की त्यांची संख्या लिहिण्यास ६८ अंक लागतात. ह्या अफाट शक्यतांकडे प्रेक्षकाचे लक्ष वेधले जाते. परंतु सांगितलेले विधान त्या सर्वच क्रमांना लागू पडणारे असते. जोडातील एखादे पान हरवलेले असल्यास वा त्यात विदूषकाचे पान राहिले असल्यास हिशेब चुकतो, म्हणून प्रयोगापूर्वी पाने मोजणे आवश्यक असते.

(३) मागाहून लिहिलेले भाकीत : पानांचा क्रम आधीच ठरवून ठेवला, तर एक पान पाहून दुसरे ओळखता येते. सर्वपरिचित रचनेत प्रत्येक पुढचे पान तीनने मोठे असते आणि किलवर, बदाम, इस्पिक, चौकट असे रंग फिरत राहतात. उदा., किलवरचा एक्का, बदामची चौकी, इस्पिकची सत्ती, चौकटची दश्शी, किलवरचा राजा, बदामची तिर्री, इस्पिकची छक्की, ह्या क्रमाने ५२ पाने पूर्ण होतात व शेवटच्या पानापुढे पुन्हा पहिले येते. जोड कितीही वेळा काटला, तरी हे चक्र मोडत नाही. पिसला, तर मात्र मोडते. प्रेक्षकाने काटून वरचे पान न पाहता स्वतःजवळ ठेवले, की प्रयोगकर्ता जोडाच्या तळचे पान ओझरते पाहतो. ते किलवरचा राजा असेल, तर प्रेक्षकाजवळ बदामची तिर्री आहे, हे त्याला कळते. पान अद्याप कोणीच पाहिलेले नसते. म्हणून त्यानंतर लिहिलेली चिठ्ठीही भाकीतच वाटते.

ह्या तत्त्वाचा सर्वांत प्रभावी उपयोग ‘एक पायरी पुढे’ राहण्याच्या रीतीत होतो. तीन प्रेक्षकांकडून तीन गोष्टी विचारल्या जातात : पहिल्याने एखाद्या गावाचे नाव सांगावे, दुसऱ्याने एखादे वर्ष सांगावे, तिसऱ्याने एक पान निवडावे. प्रत्येक वेळी प्रयोगकर्ता आधी चिठ्ठी लिहून वाटीत टाकतो व मग उत्तर विचारतो. पहिल्या चिठ्ठीवर तो गावाचे नाव लिहीत आहे असे सर्वांना वाटते; प्रत्यक्षात तो शेवटी लादावयाच्या पानाचे नाव लिहितो. गाव कळल्यावर दुसऱ्या चिठ्ठीवर गाव, वर्ष कळल्यावर तिसऱ्या चिठ्ठीवर वर्ष लिहिले जाते. तिसऱ्या प्रेक्षकाला ठरलेले पान लादले, की वाटीतील तिन्ही चिठ्ठ्या खऱ्या ठरतात. वाटीत त्या एकत्र होत असल्याने कोणती चिठ्ठी केव्हा लिहिली, हे मागाहून सांगता येत नाही. बंद पाकिटातील प्रश्न न उघडता वाचून दाखविण्याचे ‘सिद्धी’चे अनेक प्रकार ह्याच रीतीवर आधारलेले असतात. तेथे पहिले पाकीट बहुधा साथीदाराचे असते. त्यातील मजकूर म्हणून काहीतरी सांगितले जाते, साथीदार मान डोलावतो आणि पडताळा पाहण्याच्या निमित्ताने उघडलेल्या पाकिटातून पुढील माणसाचा प्रश्न वाचून घेतला जातो.

(४) अनेक भाकिते : निवडीला चार शक्यता असतील, तर चार ठिकाणी चार भाकिते ठेवावयाची : एक चिठ्ठीवर, एक खिशात, एक पेटीच्या तळाशी, एक पानाच्या पाठीवर. जी शक्यता खरी ठरेल, तिचेच भाकीत उघड करावयाचे. उरलेल्या तिहींचा उल्लेखही करावयाचा नाही. ह्याचेच एक रूप म्हणजे दुहेरी अर्थाची आज्ञा. मेजावर दोन पाने ठेवून ‘एक उचला’ म्हणावयाचे. हवे ते पान उचलले गेले, तर ‘हे आपले’ असे आणि नको ते उचलले गेले, तर ‘हे बाजूला झाले’ असे म्हणावयाचे. आज्ञेचा अर्थ आधी सांगितलेला नसल्याने तो मागाहून हवा तसा ठरविता येतो.

शिक्षण : भाकिताचा प्रयोग शिकणाराने वरील तत्त्वांपैकी एकच निवडून त्यातील एक प्रयोग पूर्णपणे बसवावा. प्रथम जोड हाताळण्याचा सराव करावा. पाने सावकाश पिसणे, एकेक पान सारख्या गतीने वाटणे आणि न बघता जोड सरळ करणे, एवढे साधल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यानंतर पिसताना वरची पाने वरच राहतील अशी खोटी पिसणी शिकावी. अंकगणिती प्रयोगात वरची किमान दहा पाने जागची हलता कामा नयेत. प्रयोग आरशासमोर निदान काही आठवडे करून पाहावा. कारण हाताची चूक करणाराला जाणवत नाही, पण समोरून ती स्पष्ट दिसते.

चिठ्ठी हा प्रयोगाचा आत्मा असल्याने तिच्याविषयी काही नियम पाळले जातात. पानाचे नाव पूर्ण व ठळक अक्षरांत लिहावे. चिठ्ठी घडी करून प्रयोगाच्या आरंभीच प्रेक्षकाच्या स्वाधीन करावी. निवड झाल्यावर तिला प्रयोगकर्त्याने हात लावू नये. ती उघडून मोठ्याने वाचण्याचे काम प्रेक्षकानेच करावे. चिठ्ठीत काहीतरी लिहिले आहे एवढेच आधी सांगावे. ते कशाविषयी आहे, हे निवड होईपर्यंत बोलू नये. प्रेक्षकाने सूचना चुकीची ऐकली, तर शांतपणे आरंभापासून सुरुवात करावी. तोच प्रयोग त्याच प्रेक्षकांसमोर त्याच वेळी पुन्हा करू नये. पहिल्या वेळी कोठे बघावे हे प्रेक्षकाला ठाऊक नसते, दुसऱ्या वेळी ते ठाऊक असते. ह्या सर्व सरावात अभ्यासकाच्या एक गोष्ट लक्षात येते : प्रेक्षकाला फसविण्यासाठी खोटे फारसे बोलावे लागत नाही. त्याच्या आठवणीतून एकदोन पायऱ्या गळाल्या, तरी पुरे होते. प्रयोगानंतर ‘जोडाला त्याने हातही लावला नव्हता’ असे प्रेक्षक प्रामाणिकपणे सांगतो आणि ते खरे नसते.

शेवटचा नियम नीतीचा आहे. हा खेळ आहे, हे प्रेक्षकाला कळले पाहिजे. जादूगार रहस्य राखतो, परंतु सामर्थ्याचा दावा करीत नाही. भारतीय जादूचे नाव जगभर नेणारे पी. सी. सरकार (१९१३–७१) किंवा महाराष्ट्रातील जादूगार रघुवीर ह्यांच्यासारखे कलावंत तिकीट लावून खेळ करीत. प्रेक्षक करमणुकीचे मोल देत व करमणूक घेऊन घरी जात. तीच चिठ्ठी आजार, मूलबाळ, हरवलेले गुरे-ढोर किंवा पीक ह्यांविषयी लिहिली गेली, की ती करमणूक राहत नाही.

वऱ्हाडातील भाकिते : येथील जत्रा-यात्रांतून भविष्य सांगणारे अनेक प्रकारचे लोक येत. कुडमुडे जोशी, नंदीबैलवाले व पोपटवाले हे त्यांपैकी परिचित होत. पोपटवाल्याचे भविष्य तर पत्त्यांचेच असे : पिंजऱ्यातून बाहेर आलेला पोपट मांडलेल्या पाकिटांतून एक काढून देई. कोणतेही पाकीट निघाले, तरी त्यातील मजकूर बहुतेक सर्वांना लागू पडणारा असे. हा वर सांगितलेल्या अटळ संबंधाचाच, गणिताऐवजी भाषेतला, प्रकार होय.

बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ (ता. जळगाव जामोद) येथील घटमांडणी ही वऱ्हाडातील सर्वांत प्रसिद्ध भाकीतपरंपरा होय. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. वर्तुळात अठरा प्रकारची धान्ये आणि मधोमध मातीच्या ढेकळांवर पाण्याची घागर व खाद्यपदार्थ ठेवतात. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या सुमारास त्यांत झालेले बदल पाहून पाऊस, पिके इत्यादींविषयी भाकीत सांगितले जाते. ते ऐकण्यास दूरदूरचे शेतकरी जमतात. ही लोकांच्या श्रद्धेने चालत आलेली रूढी असून तिची जादूच्या प्रयोगाशी तुलना करण्याचे कारण नाही. मात्र अशा भाकितावर पेरणी अवलंबून राहणार असेल, तर पडताळ्याचा प्रश्न येतोच. ‘पाऊस कुठे कमी, कुठे जास्त’ ह्या प्रकारचे विधान कोणत्याही वर्षी खोटे ठरविता येत नाही. भारतात मॉन्सूनचा दीर्घ मुदतीचा अंदाज हवामान खाते १८८६ पासून देत आले आहे. तो सरासरीच्या टक्केवारीत, संभाव्य चुकीच्या मर्यादेसह आधी प्रसिद्ध केला जातो आणि हंगाम संपल्यावर प्रत्यक्ष पावसाशी ताडून पाहिला जातो. तोही अनेकदा चुकला आहे. पण तो चुकला असे सांगता येते, हेच त्याचे वैशिष्ट्य होय.

कापसाशी जोडलेला भाकिताचा आणखी एक प्रकार आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व बंद होत्या भावांच्या आकड्यांवर मुंबईत पैजा लावल्या जात. ते आकडे मिळेनासे झाल्यावर १९६० नंतरच्या दशकात प्रथम मडक्यातील चिठ्ठ्या व पुढे पत्त्यांची पाने काढून आकडा ठरविण्यात येऊ लागला. त्यावरून ह्या जुगाराला मटका हे नाव पडले. मटक्याबरोबर आकडा सांगणारे बाबाही आले. त्यांचे गणित वर दिलेल्या चौथ्या तत्त्वाचेच असते. शून्य ते नऊ असे दहाच आकडे आहेत. दहा माणसांना दहा वेगवेगळे आकडे सांगितले, की त्यांतील एक खरा ठरणारच. ज्याचा आकडा लागतो तो दक्षिणा घेऊन येतो व चार लोकांना सांगतो. इतर नऊ जण आपल्याच नशिबाला दोष देत गप्प राहतात. खऱ्या ठरलेल्या भाकिताला साक्षीदार मिळतो, फसलेल्याला मिळत नाही. रोजमजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाला ह्या हिशेबाची किंमत धान्याच्या रूपाने चुकवावी लागते.

लोकशिक्षण : प्रश्न विचारून श्रोत्यांना जागे करण्याची परंपरा वऱ्हाडला नवी नाही. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) कीर्तनात श्रोत्यांना साधे प्रश्न विचारीत व नवससायासांतील विसंगती त्यांच्याच तोंडून वदवीत. त्याच जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–६८) ह्यांनी भजनांतून हेच कार्य चालविले. चमत्कार प्रत्यक्ष करून दाखवून त्याची उकल करण्याची पद्धत अब्राहम कोवूर (१८९८–१९७८) व बी. प्रेमानंद (१९३०–२००९) ह्यांनी भारतात रूढ केली. श्याम मानव ह्यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये नागपूर येथे स्थापन झालेली अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि नरेंद्र दाभोलकर ह्यांनी १९८९ मध्ये स्थापिलेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती ह्यांनी ती शाळा-महाविद्यालयांपर्यंत नेली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुणे येथे दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा ह्यांना प्रतिबंध करणारा कायदा झाला. तथाकथित चमत्कारांचे प्रदर्शन करून पैसे मिळविणे व त्यांच्या प्रचाराने लोकांना फसविणे वा दहशत बसविणे, हा त्याच्या अनुसूचीनुसार गुन्हा आहे.

अशा कार्यक्रमांत अंगारा, कापूर, नारळ ह्यांचे प्रयोग नेहमी दाखविले जातात. त्यांच्या जोडीला पत्त्यांवरील भाकिताला एक वेगळे स्थान आहे. जळत्या कापराचे रहस्य कळले, की तो एक प्रयोग कळतो. भाकिताचे रहस्य कळले, की सर्वच भाकितांना विचारावयाचे प्रश्न कळतात. ते प्रश्न चार आहेत. भाकीत घटनेपूर्वी लिहिले होते काय, आणि घटना घडेपर्यंत ते कोणाच्या ताब्यात होते? ज्याचे भाकीत केले ती घटना घडविण्यात भाकीत करणाराचा हात होता काय? भाकीत खोटे ठरण्यास काही वाव होता काय? आणि चुकलेली भाकिते कोणी मोजली? पहिला प्रश्न मागाहून लिहिलेल्या चिठ्ठीला, दुसरा लादलेल्या निवडीला, तिसरा अटळ संबंधाला आणि चौथा अनेक भाकितांना लागू पडतो. अंकगणिती प्रयोग दहा-बारा वर्षांचे मूलही एका दुपारी शिकू शकते. संख्या कोणतीही सांगितली तरी शेवटी नऊच पाने का उरतात, हे ज्या मुलाने स्वतः पाने मोजून पाहिले, त्याच्याजवळ हे प्रश्न विचारण्यास लागणारा पहिला अनुभव असतो.